बॉनेट कोमट होतं

ग्रिम्सबीत नोव्हेंबरात चारला अंधार पडतो
आणि रात्रपाळीला जायला बस नाही.
म्हणून ती गाडी.
रुपेरी अ‍ॅस्ट्रा, चौदा वर्षांची,
अकराशे पन्नास पौंड, रोख.

टेरेन्स म्हणाला, घराकडे नको, रस्ता खोदलाय,
सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटू,
ट्रॉल्यांच्या शेडपाशी.
तिथेच मला कळायला हवं होतं.
पण त्याच्या हातात पट्टा होता,
पट्ट्याच्या टोकाला एका डोळ्याने आंधळी, म्हातारी कुत्री,
आणि असली कुत्री फिरवणारा माणूस
लबाड कसा असेल, असं वाटलं.

बॉनेटवर सहज हात ठेवला,
पेशंटच्या खांद्यावर ठेवते तसा.
कोमट होतं.
‘आत्ताच आणली ना चालवत,’ तो म्हणाला.
खरंच होतं ते.
गार इंजिन कसं खोकतं
ते मला ऐकू येऊ नये, म्हणूनच आणली होती चालवत.

मी एक्स-रे काढते. मिरजेत शिकले.
मनगटाच्या हाडातली केसाएवढी भेग मला दिसते.
श्वास रोखा, म्हणते,
आणि माणूस आरपार उघडा होतो.
त्या दिवशी श्वास मीच रोखून उभी.
भाऊ फोनवर ओरडत होता:
लॉगबुकावरचं नाव बघ, कर्ज आहे का बघ,
खाली वाकून बघ गं, खाली!
वाकले नाही.
डांबर ओलं होतं, कोट नवा होता.

लॉगबुकावर नाव कुणा मॉरीनचं.
‘बायको,’ तो म्हणाला, आणि कुत्रीकडे बघत राहिला.
मेलेल्या बाईबद्दल आणखी काय विचारणार?
(ती मेली असं तो म्हणालाच नव्हता,
हे घरी आल्यावर लक्षात आलं.)

पाण्यातली म्हैस, काठावरून मोल.
नोटा त्याने दोनदा मोजल्या.
मैलांचा आकडा एकसष्ट हजार,
कानस मारून तरुण केलेल्या बैलाच्या दातांसारखा.
पेडलचं रबर मात्र पार उडालेलं.
ते दिसलं मला.
दिसलं, आणि मी चावी घेतली.

आठवड्याने लेस्लीने गाडी जॅकवर चढवली,
दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचला.
मुठीपर्यंत आत गेला.
लांबी भरून वर रंग मारलेला,
आत सगळं समुद्राच्या मिठाने खाल्लेलं.
‘घेताना कुणी बघितली होती ही?’
मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

टेरेन्सचा नंबर तोवर बंद.
पदरी पडलं, पवित्र झालं.
एका बाजूचं वेल्डिंग केलं, दुसरी पुढच्या वर्षी.
दोन हिवाळे काढले तिच्यासोबत.
पहाटे तिसऱ्या खोकल्याला ती उठते,
उतारावर उभी केली तर दुसऱ्याला,
रेडिओ लावला असेल तर उठतच नाही,
हे सगळं पाठ झालं.
कुणाच्या तरी दम्याची सवय होते तसं.

मग सातशे पौंडांना जाहिरात दिली मीच.
रविवारी दहाला इओनुत येणार होता,
मासळीच्या कारखान्यातला, बोटांना कॉडचा वास,
फोनवर म्हणाला, बायकोला आठवा महिना आहे.
साडेनऊला मी गाडी काढली,
कोथिंबीर आणायला.
कोथिंबीर घरात होती.

आल्या आल्या त्याने बॉनेटवर हात ठेवला.
माझ्याकडे बघितलं.
‘आत्ताच आणली,’ मी म्हणाले.
आवाज माझाच होता,
पण हात उगाचच कुठलातरी पट्टा शोधत होता.

तो काही बोलला नाही.
जॅकेट काढून भिंतीवर ठेवलं,
फोनचा दिवा लावला,
ओल्या डांबरावर आधी गुडघे टेकले, मग कोपर, मग गाल,
आणि वेल्डिंग न केलेल्या बाजूने
खाली सरकला.

मी श्वास रोखला.
खालून बराच वेळ
काहीच आवाज आला नाही.